खाडीला मिळणाऱ्या नाल्याचं पाणी तपासताना

निघण्याआधी पंचांग उघडा. पारसिकच्या डोंगरातून येणारे नाले ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमधून वाहत खाडीला मिळतात, आणि भरतीला खारं पाणी त्यांत शिरतं. त्या वेळी घेतलेल्या नमुन्यात सांडपाणी पातळ झालेलं असतं, आकडे फसवे चांगले येतात. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला ६ वाजता भरती, म्हणजे सव्वाबाराच्या सुमारास ओहोटी. खाडीत आत ती जरा उशिरा. नमुना ओहोटीच्या शेवटच्या तासात घ्या.

जागा तीन: वस्तीच्या वर, वस्ती संपून कारखाने सुरू होतात तिथे, आणि कारखान्यांच्या खाली, तिवरांच्या अलीकडे. मधली जागा गाळू नका. ती नसेल तर वस्तीच्या गटाराचा दोष कारखान्यावर जातो किंवा उलट. उन्हाळ्यात वरचा नाला आटला तर नोंदीत ‘कोरडा’ लिहा.

जागेवर सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्कली), तापमान आणि विद्युतवाहकता (क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) मोजा. सामूमापक ७ आणि ४ च्या बफरवर (ठरलेल्या सामूच्या द्रावणावर), वाहकतामापक १,४१३ मायक्रोसीमेन्सच्या द्रावणावर त्याच सकाळी जुळवून घ्या. समुद्राची वाहकता ५०,००० च्या आसपास असते. खालच्या जागी आकडा एकदम काही हजारांत गेला तर खाडीचं पाणी आलंय किंवा खारट सांडपाणी सुटलंय. पुढच्या ओहोटीला पुन्हा मोजल्याशिवाय ठरवू नका.

बहुतेक नमुने बाटलीतच बिघडतात. धातूंसाठी प्लास्टिकची बाटली, नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली. विरघळलेले धातू हवे असतील तर आधी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून गाळा, मग आम्ल. उलट केलं तर गाळातला धातूही पाण्यात उतरतो. तेल-ग्रीससाठी काचेची बाटली, नमुन्याने न विसळता थेट भरलेली, कारण तेल काचेला चिकटून राहतं. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू; त्याच्या नमुन्यात आम्ल अजिबात नको. तो बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवा.

विरघळलेला प्राणवायू मात्र नाल्याकाठीच स्थिर करावा लागतो. ३०० मिलीची बाटली बुडबुडा न राहता भरा, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी २ मिली पृष्ठभागाखाली सोडा, उलटसुलट करा. साका (तळाशी बसणारा गाळ) तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर पाणी मेलंय.

कोळसा खाणीच्या परिसरात पायराइटमुळे (लोह-गंधकाच्या खनिजामुळे) घसरणारा सामू आणि चढणारं सल्फेट ही ओळखीची खूण असते. खाडीकाठी सल्फेटवर भिस्त ठेवू नका, समुद्राच्या पाण्यात ते मुळातच भरपूर. सीओडीचंही (घाणीचं रसायनाने ऑक्सिडीकरण करायला लागणाऱ्या प्राणवायूचंही) तसंच. क्लोराइड लिटरला २,००० मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते सीओडी खोटं वाढवतं, म्हणून बाटलीवर जागा, वेळ, ओहोटी यांच्यासोबत वाहकताही लिहा आणि नमुना खारा असल्याचं प्रयोगशाळेला आधीच सांगा.