मन खचलं असेल तेव्हा प्रार्थना कशी करायची

आधी एक सांगते, देवासमोर हसरा चेहरा घेऊन जायची काही गरज नाही. रात्री झोप उडते, छातीत धडधडतं, शब्दच सुचत नाहीत, अशा वेळी बायबल उघडून स्तोत्रसंहिता या प्रार्थना-गीतांच्या पुस्तकातलं स्तोत्र 13 काढा आणि हळू आवाजात वाचा, पहिल्या दोनच ओवींत स्तोत्रकर्ता दावीद राजा चार वेळा "कोठवर?" असं विचारतो, तिथेच थांबून आपलं दुखणं स्वतःच्या शब्दांत बोला, राग आला असेल तर तोही बोला.

स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, मला याचा फार आधार वाटतो. येशूनेसुद्धा वधस्तंभावर स्तोत्र 22 चेच शब्द उच्चारले, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

शरीराकडेही बघा. बायबलच्या 1 राजे या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात एलीया हा संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही, भाकर-पाणी देतो आणि तो परत झोपतो. म्हणून जेवा, झोपा.

आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर एकटे राहू नका, आत्ताच कुणा जवळच्याला फोन करा, डॉक्टरकडे जा, त्याने विश्वास कमी होत नाही.