मॅक ॲड्रेस ओटीपीत बर्न करायच्या आधी

एसटीएम३२एमपी१५७ या चिपच्या बोर्डवर मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरची बोर्डची ओळख) ओटीपीत, म्हणजे चिपमधल्या एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीत, टाकून लिनक्सला दाखवायचा असेल तर फ्यूजची, म्हणजे तिथे कायमचं लिहायची, कमांड अगदी शेवटी, आधी बाकीचं सगळं उरकून घ्या. पहिल्यांदा रेफरन्स मॅन्युअलमधला ओटीपीचा नकाशा बघा. ३२ बिटांचे ९६ वर्ड आहेत, त्यातल्या ० ते ३१ मध्ये एखादा बिट नंतरही ० चा १ करता येतो, पण ३२ ते ९५ ला ईसीसी (चूक दुरुस्त करणारे जादा बिट) आहे म्हणजे अख्खा वर्ड एकदाच लिहायचा, आणि मॅकचे ५७ नि ५८ नेमके तिथेच आहेत.

मग डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डवर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी फाइल. मॅन्युअल वर्ड मोजतं आणि डिव्हाइस ट्री बाइट मोजतं, भलेभले इथे अडकतात. ५७ गुणिले ४ म्हणजे २२८, हेक्समध्ये ई४, म्हणून बीसेकच्या (ओटीपी सांभाळणारा चिपमधला भाग) नोडखालच्या सेलचा रेग (सुरुवात आणि लांबी) ई४ पासून ६ बाइट. चिपच्या मूळ डीटीएसआयमध्ये (डिव्हाइस ट्रीची सामाईक फाइल) हा सेल आधीच आहे का ते बघा, असेल तर दुसरा लिहू नका. इथरनेटच्या नोडमध्ये एनव्हीमेम-सेल्सने त्या लेबलकडे बोट दाखवायचं आणि एनव्हीमेम-सेल-नेम्समध्ये नाव मॅक-ॲड्रेस हेच ठेवायचं, दुसरं काही ठेवलंत तर कर्नलला तो सापडणारच नाही. वरचे वर्ड सिक्युअर बाजूच्या ताब्यात असतात, तेव्हा ऑप-टीच्या (सिक्युअर बाजू चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टम) डिव्हाइस ट्रीतही हे दोन नॉन-सिक्युअरला खुले आहेत ना ते तपासा. डिव्हाइस ट्रीतल्या चुका पकडणारं डीटीबीएस-चेक चालवून घ्या.

एक गोष्ट हमखास राहते. इथरनेटच्या नोडमध्ये जुनं लोकल-मॅक-ॲड्रेस पडून असेल तर कर्नल आधी तेच उचलतो, ओटीपीकडे वळतच नाही, आणि यू-बूटसुद्धा (लिनक्सच्या आधी चालणारा बूटलोडर) बूट करताना स्वतःकडचा ॲड्रेस तिथे भरतो, त्यामुळे आयपी लिंक कमांडमध्ये बरोबर आकडा दिसला म्हणून तो ओटीपीतूनच आला असं धरू नका.

आता बाइटचा क्रम, हा कागदावर लिहूनच काढा. १२:३४:५६:७८:९०:११ हा ॲड्रेस असेल तर ५७ मध्ये ७८५६३४१२ आणि ५८ मध्ये ००००११९० जातं. मी एकदा घाईत ५८ चे दोन बाइट उलटे टाकले, त्या बोर्डला आजही यू-बूटच्या एन्व्हमधून (साठवलेल्या सेटिंग्जमधून) ॲड्रेस द्यावा लागतो, फार जीवाला लागलं होतं. पहिल्या बाइटचा शेवटचा बिट ० च हवा, नाहीतर तो मल्टिकास्ट, म्हणजे एका यंत्राचा नव्हे तर गटाचा ॲड्रेस होतो.

यू-बूटमध्ये फ्यूज सेन्सने ५७ नि ५८ वाचा, दोन्ही शून्य असतील तरच पुढे जा, शेजारी कोणाला तरी बसवून आकडे मोठ्याने वाचून घ्या आणि मग फ्यूज प्रोगने लिहा. लॅपटॉपची बॅटरी चालेल पण बोर्डचा सप्लाय पक्का हवा. रीबूट झाल्यावर सिसएफएसमधली (/sys खालची) एनव्हीमेमची फाइल हेक्सडंपने बघा, पण मोठ्या सी च्या ऑप्शनसकट, नुसत्या हेक्सडंपमध्ये १२ ३४ हे ३४१२ असं दिसतं आणि सगळं बरोबर असूनही पोटात गोळा येतो.