इन्व्हर्टिंग सॅम्पल-अँड-होल्ड: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला मी सॅम्पल-अँड-होल्ड (बदलत्या व्होल्टेजची एका क्षणाची किंमत पकडून धरून ठेवणारं सर्किट) घेतला, कारण आकृतीत जेमतेम चार-पाच पार्ट दिसत होते. आठवड्यात उरकेल असं वाटलं होतं. सव्वा महिना गेला.

सर्किट असं. 10 किलोओहमचे दोन रेझिस्टर, एक इनपुटकडून आणि एक आउटपुटकडून येऊन एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूपासून ऑप-अँपच्या (अँप्लिफायर चिपच्या) मायनस पिनपर्यंत स्विच. मायनस पिन ते आउटपुट 10 नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर. प्लस पिन ग्राउंडला. स्विच ऑन असताना आउटपुट इनपुटच्या उलट चालतं. ऑफ केला की कपॅसिटर शेवटचं व्होल्टेज धरून ठेवतो. (पार्टनरशी बोलताना ‘ऑन-ऑफ’च म्हणा. इंग्रजीतला क्लोज स्विच म्हणजे चालू, आणि मराठीत ‘बंद’ म्हटलं की नेमकं उलट. आमची एक दुपार यातच गेली.)

पुस्तकातल्या नेहमीच्या रचनेत स्विच सिग्नलच्या वाटेवर बसतो, इथे तो व्हर्च्युअल ग्राउंडवर, म्हणजे ऑप-अँप शून्य व्होल्टजवळ धरून ठेवतो त्या मायनस पिनवर. स्विच ऑफ होताना थोडा चार्ज कपॅसिटरमध्ये ढकलतोच. नेहमीच्या रचनेत तो सिग्नलच्या पातळीनुसार बदलतो. इथे स्विच कायम शून्य व्होल्टजवळ असल्याने तो जवळपास ठरावीक राहतो. 10 पिकोकुलोम धरला तर 10 नॅनोफॅरॅडवर 1 मिलिव्होल्ट, तोही दर वेळी तेवढाच, म्हणजे ऑफसेट म्हणून वजा करता येतो. मला विचाराल तर ही रचना निवडायला एवढं एकच कारण पुरे.

आता माझ्या चुका. स्विच म्हणून घेतलेल्या 4066 चिपला मी प्लस-मायनस 5 व्होल्ट दिले आणि तिच्या कंट्रोल पिनला 555 टायमर चिपमधून 0 ते 5. होल्ड होईचना! ऑफ व्हायला 4066 च्या कंट्रोलला मायनस 5 च्या जवळ जावं लागतं. 0 व्होल्ट त्याच्या दृष्टीने अधलंमधलं. तीन दिवस मी ऑप-अँप बदलत बसलो होतो. शेवटी पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन 4053 ही दुसरी स्विच चिप आणली. तिला मायनस सप्लायची वेगळी पिन आहे, त्यामुळे 0-5 चा कंट्रोल थेट चालतो. शिवाय तिच्यातला स्विच दोन वाटांचा: कॉमन त्या मधल्या बिंदूला, एक वाट मायनस पिनला, दुसरी ग्राउंडला. होल्डमध्ये मधला बिंदू ग्राउंडला बांधला गेला की इनपुटची गळती आत येत नाही. 4066 च वापरणार असाल तर त्या बिंदूवर ग्राउंडकडे उलटसुलट दोन डायोड लावा.

मग ड्रूप, म्हणजे होल्डमध्ये व्होल्टेज हळूहळू सरकत जाणं. लॅबमधला 741 ऑप-अँप घातला होता. त्याचा बायस करंट (इनपुट पिनमधून वाहणारा बारीक करंट) साधारण 80 नॅनोअँपिअर, म्हणजे 10 नॅनोफॅरॅडवर मिलिसेकंदाला 8 मिलिव्होल्ट. स्कोपवर सपाट पायरीऐवजी घसरगुंडी दिसायची. टीएल072 या दुसऱ्या ऑप-अँपचा करंट 65 पिकोअँपिअरच्या आसपास. तो लावल्यावर पायऱ्या सरळ झाल्या. कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. स्वस्त सिरॅमिक डिस्क आधीचं व्होल्टेज ‘आठवते’ आणि होल्डमध्ये हळूच तिकडे सरकते.

स्कोपचा प्रोब आउटपुटलाच लावा, मायनस पिनला नको. आउटपुट ऑप-अँप चालवतो, म्हणून प्रोबमुळे कपॅसिटर रिकामा होत नाही.

व्हायव्हात मी अडकलो तो वेगाच्या प्रश्नावर. 10 किलोओहम आणि 10 नॅनोफॅरॅड म्हणजे 100 मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट, 0.1 टक्क्यापर्यंत पोहोचायला जवळपास 0.7 मिलिसेकंद. 1 किलोहर्ट्झची साइन दिली तेव्हा आउटपुट 85 टक्केच येत होतं आणि मी फंक्शन जनरेटरला दोष देत होतो. कपॅसिटर 1 नॅनोफॅरॅड केला की वेग दहापट, पण ड्रूप आणि चार्जचा ऑफसेटही दहापट. आम्ही 2.2 वर थांबलो.