कर्लीत कयाक घालण्याआधी या चुका टाळा

मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागची कर्ली नदी कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) शिकणाऱ्या नवशिक्यासाठी उत्तम आहे, असं मी कुणालाही बिनदिक्कत सांगते. पात्र रुंद, खडकाळ उतार नाही, दोन्ही काठांना माड आणि कांदळवन. पाणी इतकं शांत दिसतं की पहिल्यांदाच वल्हं हातात धरणाऱ्यालाही भीती वाटू नये. पण ही शांतता दिवसभर सारखी नसते. देवबाग ही समुद्र आणि नदी यांच्यामध्ये लांबवर गेलेली वाळूची चिंचोळी पट्टी आहे, आणि तिच्या टोकाला संगम. समुद्राची भरती-ओहोटी इथे थेट नदीत शिरते आणि बाहेर पडते. सहलीच्या बहुतेक अडचणी हे लक्षात न घेतल्यामुळे येतात.

घड्याळ बघून निघणं, पाणी न बघणं

ही सगळ्यात मोठी चूक. म्हणून हिच्यावरच जास्त लिहिते.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघं दोन कयाक घेऊन पौर्णिमेच्या दिवशी दुपारी दोनला निघालो. जेवण झालं होतं, ऊन सोसवत होतं, वेळ सोयीची वाटली. वरच्या अंगाला जायचं ठरवलं. अर्धा तास जीव तोडून वल्हवलं, तरी काठावरचा तोच वाकडा माड शेजारी. पाणी प्यायला दोन मिनिटं थांबलो तर माड पुढे आणि आम्ही मागे, संगमाच्या दिशेने. शेवटी मासेमारीच्या एका होडीने दोर टाकून काठाला आणलं. संध्याकाळी मामाने एकच विचारलं, "तिथ बघितलं व्हतंस?"

तिथी बघायची रीत कोकणात जुनी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. तीच वेळ दिवसा आणि रात्री, साधारण बारा-साडेबारा तासांच्या अंतराने. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, हा हिशेबही त्यातच येतो. हे गणित मुंबईच्या आसपास चांगलं जुळतं. मालवणकडे वेळ थोडी मागेपुढे होते, आणि नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. म्हणून तिथीवरून दिवस निवडावा आणि नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकात बघून घ्यावी किंवा तिथल्या मच्छीमाराला विचारावी.

आता आमचा पौर्णिमेचा दिवस घ्या. भरती अकराच्या सुमाराला संपली. तिथून सहा तास सुकती, म्हणजे ओहोटी. पाणी या सहा तासांत एकसारखं उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी बाहेर पडतं. आम्ही नेमके त्या दोन तासांत उलट दिशेने वल्हवत होतो, तेही उधाणाच्या दिवशी, जेव्हा पाण्याची चढउतार सगळ्यात जास्त असते. नवशिका माणूस तासाला तीन-चार किलोमीटरच्या वर जात नाही. ओढ तेवढीच असली की कयाक जागच्या जागी राहते.

बरोबर आखणी याच्या उलट आहे. पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी देवबाग किंवा तारकर्लीच्या बाजूने निघा आणि भरतीबरोबर वर, नेरूरपारच्या दिशेने जा. पाणी थांबलं की वळा, आणि सुकती धरू लागली की तिच्याबरोबर सावकाश परत या. दोन्ही वेळा नदी तुमच्या बाजूने राहते. चुकून दमलातच, तर जातानाची ओढ आत नेते, समुद्राकडे नाही. मात्र परतताना उतरायचा काठ आधीच ठरवलेला असावा आणि त्या काठाच्या जवळून यावं. संगमाच्या टोकापर्यंत कयाक नेऊच नये. पलीकडच्या काठावरच्या भोगव्याची वाळू समोर दिसते, मोह होतो, पण तिथे नदीची ओढ आणि समुद्राच्या लाटा एकमेकांना भिडतात.

वाऱ्याचा हिशेब न धरणं

सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, मंद. ऊन तापलं की खारे वारे सुरू होतात आणि दुपारी जोर धरतात. परतीचं तोंड समुद्राकडे असल्यामुळे हा वारा थेट समोरून येतो. सुकतीचं पाणी एका दिशेला आणि वारा उलट दिशेला, की शांत पात्रावरही आखूड, टोचणाऱ्या लाटा उठतात. म्हणून साडेदहा-अकराच्या आत पाण्याबाहेर येता येईल असा दिवस मला सगळ्यात आवडतो. एकादशी ते त्रयोदशी या तिथींना भरती सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान येते, तेच दिवस धरा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यात कमी, त्यामुळे ओढही कमी असते. पण भरती सहाला येते. संध्याकाळची वेळ पकडायची तर वळेपर्यंत सूर्य टेकतो आणि परतीला अंधार होतो. लहान मुलं बरोबर असतील तर ते नकोच.

पावसाळ्यात हा विचारच करू नये. मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत इथले जलक्रीडा प्रकार बंद ठेवले जातात. त्यानंतरही वरच्या भागात मोठा पाऊस झाला असेल तर गढूळ पाणी निवळेपर्यंत थांबावं.

"मला पोहता येतं" म्हणून जॅकेट सैल ठेवणं

लाइफ जॅकेट घातलं की बंद लावले, असं धरून चालू नका. काठावर दुसऱ्या माणसाला जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे. मुलांना मोठ्यांचं जॅकेट देणारे असतील तर तिथून निघा, दुसरीकडे चौकशी करा. मला यात कुठलीही सवलत द्यावीशी वाटत नाही.

कयाक सरळ जात नाही

हे सगळ्यांचं होतं, आणि बहुतेक वेळा भांडण नवरा-बायकोचं होतं. दोघांच्या कयाकमध्ये ताल पुढच्याने द्यायचा आणि दिशा मागच्याने सांभाळायची. मागचा माणूस पुढच्याच्या वल्ह्याकडे बघून त्याच वेळी, त्याच बाजूला वल्हं टाकतो. पुढच्याने मागे वळून सूचना देऊ नयेत. जड माणूस मागे बसलेला बरा. दोघांचं मिळून वजन किती चालेल ते भाड्याने देणाऱ्याला आधी विचारा. तिसरं माणूस म्हणून मूल मांडीवर घेऊ नका.

तरीही एकाच बाजूला वळत असेल तर वल्ह्याचं पातं बघा. खोलगट बाजू आपल्याकडे हवी. पुष्कळांनी ते उलटं धरलेलं असतं. दंडाने ओढू नका, कमरेतून फिरा. नाहीतर अर्ध्या तासात खांदे भरून येतात.

गाळात रुतलात तर

सुकतीला पात्रातल्या वाळूच्या दांड्या वर येतात आणि कांदळवनाजवळ गाळ उघडा पडतो. कयाक अडकली की लोक खाली उतरून ढकलायला बघतात. वाळू असेल तर ठीक. गाळ असेल तर पाय गुडघ्यापर्यंत आत जातो आणि आतल्या कालवांच्या शिंपांनी तळवा कापतो. बसल्या जागी वजन मागे घ्या, वल्हं तळाला टेकवून आल्या वाटेने मागे सरका. नाहीच निघाली तर बसून राहा. पाणी चढलं की कयाक आपोआप सुटते. पायात मागून पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट असावेत. साधी चप्पल गाळात राहते.

पात्रात खांब रोवून लावलेली किंवा बोयांवर तरंगणारी मच्छीमारांची जाळी दिसतील. त्यांच्यावरून जाऊ नका, लांबून वळसा घाला. कुणाच्यातरी रोजीरोटीचं जाळं फाटतं, आणि वल्हं अडकून आपणही उलटू शकतो. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या मोटरबोटी जवळून गेल्या तर त्यांच्या लाटेला कयाकची नाळ, म्हणजे पुढचं टोक, द्या. आडवी राहिली तर डोलून उलटते.

उलटलात तर काय करायचं

पहिली गोष्ट, कयाक सोडायची नाही. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटणं हीच खरी धोक्याची चूक, कारण ओढ तुम्हाला तिरकी नेते आणि तुमचं डोकं होडीवाल्याला दुरून दिसत नाही. कयाक दिसते. ती पालथी असेल तर खालून पलीकडची कड धरून सुलटी करा. मग मधोमध जाऊन पाय मागे पाण्यावर आणा, जोराने पाय मारत पोटावर आडवे वर या, कुशीवर वळून बसा आणि शेवटी पाय आत घ्या. एकाने पलीकडून कयाक धरून ठेवली की दुसऱ्याला सोपं जातं. हे निघण्याआधी काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात दोनदा करून बघा. दहा मिनिटं लागतात, आणि मुलांना त्यातच सगळ्यात जास्त मजा येते.

शिट्टी जॅकेटला बांधलेली हवी, खिशात नको. माणशी एक लिटर पाणी, चष्म्याला दोरी, फोन जलरोधक पिशवीत आणि ती पिशवी कयाकला बांधलेली. काठावरच्या एका माणसाला किती वाजता परत येणार ते सांगून ठेवा, आणि त्या वेळेला तुम्ही दिसला नाहीत तर त्याने होडीवाल्याला हाक मारायची हेही सांगा. आमचा मामा आता ते काम करतो. जेटीवर बसून तो आधी पाण्याकडे बघतो, मग आमच्याकडे, आणि मान हलवली तरच आम्ही वल्ही उचलतो.