कैऱ्यांनी (हिरव्या बोंडांनी) लदलेला कापूस एकाएकी माना टाकू लागला तेव्हा

चोपडा तालुक्यात तापीकाठची काळी कसदार जमीन, ठिबकवरचा बागायती कापूस. वेचणी तोंडावर होती. वीस दिवस पावसाने ताण दिला आणि मग एका रात्रीत शेत तुडुंब. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर मधल्या पट्ट्यातली झाडं कोमेजलेली. पोटात गोळाच आला.

गावातल्या दुकानदाराने लगेच महागडं बुरशीनाशक काढून दिलं. शेजारचे नाना म्हणाले, “भाऊ, आधी झाड उपटून तर पाहा.”

उपटलं. मूळकूज असती तर साल ओली होऊन सहज निघाली असती, निघाली नाही. खोड उभं चिरलं. बुरशीजन्य मर (झाड कोमेजून वाळण्याचा रोग) असता तर आत तपकिरी रेषा दिसल्या असत्या, आतून पांढरंशुभ्र. म्हणजे हा आकस्मिक मर. साचलेल्या पाण्याने मुळांना हवा मिळत नाही, ती पाणी उचलत नाहीत, आणि कैऱ्यांचा भार असलेलं झाड आधी झुकतं. भारी झाडंच आधी जातात, याचं फार वाईट वाटतं.

आधी चर खोदून पाणी काढलं. खरं काम त्यानेच झालं असं मला वाटतं. मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पालाश (पोटॅश खत), २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांबंयुक्त बुरशीनाशक); प्रत्येक झाडाच्या बुडाशी साधारण १५० मिली, आणि पायाने माती दाबली. हे लक्षण दिसताच, एक-दोन दिवसांत करा.

बरीच झाडं सावरली. पूर्ण वाळलेली गेलीच. आता पावसाळ्याआधीच दर काही ओळींनंतर चर काढून ठेवतो.