मतदार यादीतलं नाव: या चुका टाळा, म्हणजे हात हलवत परतावं लागणार नाही

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या टेबलाशी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कार्ड आहे ना माझ्याकडे, मग नाव कसं नाही?" बोलणारा माणूस खाडा करून आलेला असतो आणि त्या दिवशी त्याच्यासाठी कुणीच काही करू शकत नाही. असं घडलं की मला फार वाईट वाटतं. कारण ते मत त्या दिवशी नाही, काही महिने आधीच हुकलेलं असतं.

कार्ड म्हणजे मतदानाचा हक्क, ही सर्वांत महागात पडणारी समजूत. हक्क मिळतो तो यादीतल्या नावामुळे. कार्ड ही फक्त ओळख. म्हणूनच नाव यादीत असेल आणि कार्ड घरी राहिलं, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं पासबुक किंवा रोजगार हमीचं जॉब कार्ड दाखवूनही मत देता येतं. कार्ड आहे आणि नाव नाही, तर मात्र इलाज नाही. म्हणून भारत निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर किंवा १९५० या क्रमांकावर फोन करून वर्षातून एकदा तरी नाव तपासा. नावाने शोधून सापडलं नाही तर लगेच निराश होऊ नका. टंकलेखनात वेलांटी-काना चुकलेला असतो. कार्डावरच्या क्रमांकाने शोधा.

घर बदललं की दुसरी चूक होते. लोक नव्या पत्त्यावर पुन्हा नमुना ६ भरतात. तो फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. पत्ता बदलणं, नाव किंवा वय दुरुस्त करणं, हरवलेलं कार्ड पुन्हा मिळवणं, या सगळ्यासाठी नमुना ८. "दोन्हीकडे असलेलं बरं, एक तरी लागेल" असं म्हणणारेही भेटतात. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असू शकतं आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं वर्षानुवर्षं माहेरीच राहतात. घरातल्या कर्त्यांनी हे काम मनावर घ्यावं.

निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करू नका. उमेदवारी अर्जांची शेवटची मुदत संपली की यादीत नवं नाव घालता येत नाही आणि त्याआधी अर्जाची पडताळणीही व्हावी लागते. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे त्या दिवशी अठरा पूर्ण असतील तर नाव नोंदवता येतं. सतरा पूर्ण झालेली मुलं आगाऊ अर्ज करू शकतात. अठरावा वाढदिवस झाल्यावर बघू, असं म्हणू नका.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिकेच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागांप्रमाणे फोडतो. त्या टप्प्यावर नवं नाव घातलं जात नाही. पण रस्त्याच्या अलीकडची घरं पलीकडच्या प्रभागात गेली असतील, तर प्रारूप यादीवर हरकत घेता येते. मुदत थोडी असते. ती चुकवली की तुमच्या गटाराचा, पाण्याचा प्रश्न एका नगरसेवकाकडे आणि मत दुसऱ्याच्या पेटीत!

केंद्रावर गेल्यावर कळलं की तुमच्या नावाने आधीच कुणीतरी मत देऊन गेलंय, तर रागावून घरी जाऊ नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की ते कागदी मतपत्रिकेवर घेतलं जातं.

आमच्या एकट्याच्या मताने काय होतं, असं विचारणाऱ्यांनी नमुना २० बघावा. विधानसभेच्या निकालानंतर कोणत्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली, ते त्यात लिहिलेलं असतं. पुढारी तो बारकाईने वाचतात. ज्या वस्तीतून मतंच निघाली नाहीत, तिथल्या रस्त्याची तक्रार कुणाच्या लेखी फार वजनाची ठरत नाही.

तरीही नुसतं बटण दाबणं पुरेसं नाही. उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण, त्याच्यावरचे खटले हे सगळं त्याच्या शपथपत्रात असतं आणि ते कुणालाही पाहता येतं. जात, पाहुणेपण, पाकीट यांच्याआधी ते पाहा. मग गेल्या वेळी निवडून आलेल्याने काय कबूल केलं होतं आणि काय केलं, हे त्याच्या तोंडावर विचारा.

एका रविवारी संध्याकाळी पारावर, समाजमंदिरात किंवा सोसायटीच्या आवारात जमा. तुमच्या केंद्राची यादी मोठ्याने वाचा. गेलेल्या माणसांची नावं निघतील, त्यासाठी नमुना ७ आहे. राहिलेल्यांची नावं वहीत लिहा, बीएलओंना (तुमच्या केंद्राच्या यादीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना) तिथेच बोलावून घ्या आणि उठण्याआधी अर्ज भरून द्या.