स्पॅनिशमधील ‘इन्स्तान्सिया’ : अर्थ कसा ठरवावा, शब्द कसा वापरावा

‘इन्स्तान्सिया’ हे स्त्रीलिंगी नाम रोजच्या गप्पांत क्वचितच ऐकू येते. त्याची खरी जागा सरकारी कार्यालये, न्यायालये आणि वृत्तपत्रे ही आहे. स्पेनच्या बहुतेक भागांत त्याचा उच्चार ‘इन्स्तान्थिया’ होतो, लॅटिन अमेरिकेत ‘इन्स्तान्सिया’. आग्रह धरणे या अर्थाच्या ‘इन्स्तार’ या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. शब्दकोशातील पहिला अर्थ उचलून वाक्यात बसवण्याऐवजी, या नामाच्या मागेपुढे कोणते क्रियापद, विशेषण किंवा शब्दयोगी अव्यय आले आहे हे आधी पाहावे.

‘प्रेसेन्तार’, म्हणजे सादर करणे, हे क्रियापद सोबत असेल तर अर्थ ‘लेखी विनंतीअर्ज’ असा होतो. स्पेनमधील अशा अर्जाचा साचा ठरलेला असतो : आधी अर्जदाराची ओळख, मग ‘एक्स्पोने’ या शब्दाखाली वस्तुस्थिती, त्यानंतर ‘सोलिसिता’ या शब्दाखाली मागणी, आणि शेवटी स्थळ, दिनांक, सही व ज्या कार्यालयाकडे अर्ज करायचा त्याचा उल्लेख. ही दोन्ही क्रियापदे तृतीयपुरुषी असल्यामुळे अर्जदार स्वतःबद्दल ‘मी’ न म्हणता ‘मांडतो’, ‘विनंती करतो’ अशा त्रयस्थ सुरात लिहितो. एरवी मात्र ‘सोलिसितुद’, म्हणजे अर्ज, हा शब्द अधिक सहज वाटतो, आणि स्पेनच्या 2015 च्या प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यानेही अर्जाच्या आशयासंबंधीच्या कलमात तोच वापरला आहे.

‘प्रिमेरा’ किंवा ‘सेगुन्दा’ ही विशेषणे लागली की बहुधा न्यायालयीन पायरी अभिप्रेत असते. दावा जेथे प्रथम चालतो ती ‘प्रिमेरा इन्स्तान्सिया’, अपिलाची ‘सेगुन्दा’. स्पेनमध्ये ‘खुस्गादो दे प्रिमेरा इन्स्तान्सिया’ हे दिवाणी न्यायालयाचे रूढ नाव होते; 2025 च्या पहिल्या ‘लेय ओर्गानिका’ने, म्हणजे मूलभूत हक्क व राज्यसंस्थांविषयीच्या विशेष दर्जाच्या कायद्याने, मात्र अशी एका न्यायाधीशाची न्यायालये ‘त्रिबुनाल दे इन्स्तान्सिया’ या नव्या रचनेत सामावून घेण्याची तरतूद केली, म्हणून जुना निकाल वाचताना जुनेच नाव दिसेल. बहुवचनात ‘लास आल्तास इन्स्तान्सियास’ म्हणजे वरिष्ठ अधिकारी मंडळी.

‘आ इन्स्तान्सिया दे’ या प्रयोगाचा अर्थ ‘अमुकाच्या विनंतीवरून’. एकवचन चालते, अनेकवचनही चालते. कायद्याच्या भाषेत ‘आ इन्स्तान्सिया दे पार्ते’, म्हणजे पक्षकाराच्या मागणीवरून, याच्या उलट ‘दे ओफिसियो’, म्हणजे अधिकाऱ्याने आपणहून, असा भेद असतो. तो अनुवादात पुसट झाला तर कारवाई कोणी सुरू केली हेच कळेनासे होते.

‘एन उल्तिमा इन्स्तान्सिया’ बहुतेक वेळा न्यायालयाबाहेरच भेटतो : ‘अखेरीस’ किंवा ‘शेवटचा उपाय म्हणून’. यांपैकी नेमके कोणते, हे संदर्भावरून ठरवावे. आणि ‘उदाहरणार्थ’ म्हणायचे असेल तर ‘पोर एखेम्प्लो’ लिहावे. इंग्रजीच्या वळणाने ‘पोर इन्स्तान्सिया’ लिहिणे ही सरळ चूक आहे.